कडक भाकरी म्हणजे मात्सा नव्हे, आणि ते बरंच आहे

चैत्र पौर्णिमा जवळ आली की सोलापुरात एक फॉरवर्ड हमखास फिरतं : ज्यूंचा मात्सा (त्यांच्या वल्हांडण सणातली बिनखमिराची पोळी) म्हणजे आपली कडक भाकरीच. दोन्ही पातळ, दोन्ही कुरकुरीत, दोन्हींत खमीर नाही, दोन्ही डब्यात टिकतात. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून कुणी खोडून काढत नाही. पण ते चूक आहे. आणि चूक आहे म्हणूनच वल्हांडणाच्या आठ दिवसांत कडक भाकरी आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, कामाची आहे.

(या पोस्टखाली पश्चिम आशियातल्या युद्धावर भांडायला येऊ नका. त्यासाठी उरलेलं फेसबुक मोकळं आहे.)

वल्हांडणात मनाई आहे ती हामेसची. गहू, जव, स्पेल्ट, राय आणि ओट या पाच धान्यांच्या पिठाला पाणी लागलं आणि अठरा मिनिटांत ते भाजलं गेलं नाही, तर ते हामेस. सणाच्या रात्री जो मात्सा खायचाच असतो, तोही याच पाच धान्यांचा लागतो. तलमूद या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथातल्या पसाहीम भागात त्याचं कारण दिलंय : जे धान्य हामेस होऊ शकतं, त्याचाच मात्सा होऊ शकतो. तांदूळ आणि बाजरीसारखी बारीक तृणधान्यं भिजवून ठेवली तर ती हामेस होत नाहीत, नुसती नासतात. ज्वारी याच गटात बसते. म्हणजे ज्वारीच्या भाकरीने मात्साचं कर्तव्य कधीच पुरं होणार नाही, पण ती हामेसही कधी होणार नाही. तिला घड्याळ लावावं लागत नाही. उकळत्या पाण्यात उकड काढा, तासभर झाकून ठेवा, काही बिघडत नाही.

इथे आमच्याच तरुण मंडळींशी माझं भांडण आहे. यूट्यूबवर अमेरिकेतल्या अश्कनाझी (मुळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या) ज्यूंचे व्हिडिओ पाहून काही घरांतून सणात भात बंद झाला, डाळ बंद झाली, भाकरी तर विचारूच नका. अश्कनाझी लोकांत कडधान्यं, तांदूळ आणि तसली धान्यं वल्हांडणात वर्ज्य आहेत, हे खरं. पण तो मध्ययुगात फ्रान्स-जर्मनीकडे रुजलेला रिवाज आहे. तोरा या मूळ धर्मग्रंथातला नियम नाही आणि तलमूदातलाही नाही. सेफार्दी, म्हणजे मुळचे स्पेन-पोर्तुगालकडचे ज्यू, तो पाळत नाहीत. बेने इस्राएलांच्या घरात वल्हांडणाला भात शिजत आलाय. दुसऱ्याचा रिवाज कडक आहे म्हणून तो जास्त धार्मिक होत नाही. ज्यांचा आहे त्यांनी खुशाल पाळावा. आपल्या आजीच्या स्वयंपाकघराला बाद ठरवायचं कारण नाही.

आता अडचणीचं बोलू, कारण ज्वारी चालते म्हणजे दुकानातली कडक भाकरी चालते असं नाही. दुकानातलं पाकीट घेऊ नका. ज्या परातीत आणि तव्यावर ती होते, त्यावर चपात्याही होतात. काही ठिकाणी लाटायला सोपं जावं म्हणून पिठात थोडी कणीकही मिसळतात, आणि पाकिटावर ते लिहिलेलं असेलच असं नाही.

ज्वारी आणि गहू ही दोन्ही आपल्याकडची रब्बीची पिकं, मळणीयंत्रही बऱ्याचदा तेच. त्यामुळे पोत्यात गव्हाचे दाणे सापडतातच. सेफार्दी लोक तांदूळ पांढऱ्या कापडावर पसरून तीनदा निवडतात. ज्वारीलाही तेच करा. मालदांडी टपोरी आणि पांढरट असते, गहू लांबट आणि तांबूस, त्यामुळे उजेडात चटकन दिसतो. एका वेळी अर्धा किलोच पसरा. जास्त घेतली की डोळे कंटाळतात आणि तिसरी निवड नावापुरती होते.

निवडल्यावर दळण. खरी गोची इथेच आहे. २०१६ साली राज्य सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, पण त्या कागदाने गिरणीचा दगड साफ होत नाही. गिरणीत ज्वारीची चक्की वेगळी असली तरी हवेत गव्हाचं पीठ उडत असतं आणि पत्र्याच्या नळीत साचलेलं असतं. त्यापेक्षा घरघंटी बरी. ती उघडून ब्रशने आणि व्हॅक्युमने साफ करता येते. लोक दळणाची पेटी पुसतात आणि कापडी पिशवी विसरतात. गव्हाची सगळी धूळ त्या पिशवीतच बसलेली असते. पिशवी नवीच घाला. मग पाव-अर्धा किलो ज्वारी दळून ते पीठ बाजूला काढा, शेजारी द्या, आणि पुढचं वापरा. हे सगळं सण लागायच्या आत उरकायचं.

पीठ सणाच्या तीन-चार दिवस आधीचंच असावं. महिनाभर पडून राहिलेल्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरते, आणि कडक भाकरीसाठी हवी तेवढी पातळ होतच नाही. भाजल्यावर मंद आचेवर कापडाने दाबत दाबत वाळवायची. मधला भाग जाड राहिला तर तिथे ओल धरते आणि चौथ्या दिवशी वास येतो. एप्रिलमधली सोलापूरची कोरडी हवा इथे आपल्या बाजूने असते.

त्याच हवेत मात्सा करणं मात्र जिकिरीचं.

मुंबई-पुण्याहून मात्साचे खोके येतात, ते घ्यावेत, त्यात कमीपणा नाही. खोक्यावर अंड्याचा किंवा फळांच्या रसाचा मात्सा लिहिलं असेल तर तो सेदेरला (सणाच्या पहिल्या दोन रात्रींच्या विधीच्या जेवणाला) चालत नाही, एवढं वाचून घ्या. पण खोका आला नाही म्हणून सण अडला, असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हग्गादातल्या (सेदेरला वाचायच्या पुस्तकातल्या) चित्रांत साडी नेसलेल्या बायका घरी मात्सा करताना दाखवल्या आहेत. दीडशे वर्षांपूर्वी जमत होतं, तर आज का नाही?

गहू धुवायचा नाही. आपल्याकडे धुऊन वाळवून दळायची सवय आहे, आणि पहिली चूक तिथेच होते. विकतच्या आट्याचाही भरवसा नाही, कारण मोठ्या मिलमध्ये दळण्याआधी गव्हाला ओल देतात. खपली गहूही चालतो, पण कांडताना त्यावर पाणी शिंपडलंय का ते विचारून घ्या. शिवाय खपलीची पोळी लाटताना फाटते, म्हणून नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. दळून आणलेलं पीठ गरम असतं. ते एक दिवस गार जागी ठेवायचं, लगेच मळायचं नाही. पाणी आदल्या संध्याकाळी दिवेलागणीला स्वच्छ भांड्यात काढून, गाळून, रात्रभर झाकून ठेवायचं. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, त्यामुळे साठवण्याची सवय सगळ्यांनाच आहे. पण गच्चीवरच्या टाकीचं पाणी ऐन वेळी घेतलं तर ते कोमट निघतं, आणि कोमट पाण्याने कणीक लवकर फुगायला लागते. नवा माठ घेतलात तर उत्तमच.

पाव किलो कणकेला साधारण सव्वाशे मिली पाणी. मीठ नाही, तेल नाही. कणीक पुरीपेक्षा घट्ट हवी. उन्हात किंवा ऊन येणाऱ्या खिडकीजवळ मळायची नाही, म्हणून काम भल्या पहाटे काढा. तवा नवा लोखंडी, पोळपाट-लाटणंही नवं. जुन्या लाकडाच्या चिरांत बसलेली कणीक निघत नाही. पाणी पिठात पडलं की घड्याळ सुरू. मळताना हात थांबवायचा नाही, आणि तवा त्याआधीच कडकडीत तापलेला हवा.

पाव किलोच का, तर हिशेब सोपा आहे. त्यातून पाच मात्सा होतात, एक भाजायला दोन मिनिटं, म्हणजे तव्यावर दहा मिनिटं. मळणं आणि पहिलं लाटणं चार-पाच मिनिटांत. अठराच्या आत बसतं. अर्धा किलो घेतलात तर एका तव्यावर वीस मिनिटं नुसती भाजायलाच जातात आणि शेवटचे दोन-चार हामेस होतात. घाण्यागणिक हात धुवायचे, परात आणि लाटणं खरवडून पुसायचं, नाहीतर मागच्या कणकेचा कण पुढच्या घाण्यात जातो. पाच माणसांच्या दोन सेदेरना आणि मधल्या शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला) दोन किलो पीठ पुरतं, म्हणजे आठ घाणे. मळायला एक, लाटायला दोन, तव्यावर एक, अशी चार माणसं लागतात. एकट्याने करायचा हा प्रकार नाही.

आपल्या सुगरणींना सगळ्यात जड जातं ते पुढचं. फुलका टम्म फुगला की आपण खूश होतो. मात्सा फुगला तर तो बाद. घडीच्या पोळीसारखी दुमड पडली आणि आत ओलं राहिलं तरी बाद. म्हणून लाटल्याबरोबर काट्याने सगळीकडे टोचे मारायचे, आणि लाटताना वरून कोरडं पीठ भुरभुरायचं नाही, कारण ते न मळलेलं तसंच राहतं. भाजला की नाही हे पाहायचं तर मोडून बघा. मोडताना ओल्या कणकेचा तार निघाला तर कच्चा.

बाकी सेदेरचं सामान सोलापुरात मिळतं. वाईनऐवजी आमच्यात काळ्या मनुक्यांचं सरबत असतं. किलोभर मनुके दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, कुस्करा, पिळून गाळा. माणशी चार प्याले, प्याला निदान शहाऐंशी मिलीचा, म्हणजे पाच जणांना एका सेदेरला पावणेदोन लिटर. भिजत घातलेलं भांडं फ्रिजमध्येच ठेवा, या उन्हाळ्यात बाहेर ते सकाळपर्यंत आंबतं. कडू भाजीला लेट्यूसची पानं, किडीसाठी एकेक पान उजेडात धरून बघायची. शोहेत (धर्मनियमाने जनावर कापणारा) नाही म्हणून भाजलेलं हाडूक नसेल तर भाजलेलं बीट ठेवा. तलमूदात सेदेरच्या दोन पदार्थांसाठी बीट आणि भाताचं नाव घेतलेलं आहे. आणि सेदेरला दहा पुरुषांचा मिनियान (सामुदायिक प्रार्थनेचा गट) लागत नाही. सिनेगॉग अडीचशे किलोमीटरवर पुण्यात असला तरी हा सण घरातच पुरा होतो.

२०२६ मध्ये पहिला सेदेर बुधवारी, १ एप्रिलच्या रात्री, दुसरा गुरुवारी. मंगळवारी रात्री मेणबत्ती घेऊन घरातलं हामेस शोधायचं. पाव, रवा, शेवया सगळ्यांना आठवतात, हिंगाची डबी कुणालाच आठवत नाही. बाजारातल्या बहुतेक हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, तो आठ दिवस बंद. जुन्या लोकांनी या सणाला अनाशी ढाकाचा सण म्हटलं ते आंबट पाण्याचं मडकं झाकून ठेवायचे म्हणून. आज झाकायच्या यादीत हिंगाची डबी पहिली. बुधवारी सकाळी सोलापूरच्या सूर्योदयाप्रमाणे सव्वादहाच्या आत हामेस खाणं थांबवा, सव्वाअकराच्या आत उरलेलं जाळा.

मग बुधवारचं दुपारचं जेवण काय? पाव-पोळी संपलेली, आणि मात्सा त्या दिवशी सेदेरआधी खायचा नाही. घरोघरी मुलं बटाट्याच्या काचऱ्यांवर भागवतात. इथे घरची कडक भाकरी आणि हिंग न घातलेली शेंगाचटणी काढा. तिच्यावर हामोसी (पावावरची प्रार्थना) म्हणायची नाही, शेहाकोल (इतर पदार्थांवरची) म्हणायची, कारण ती शास्त्राने पाव नाही. सणाच्या आणि शब्बाथच्या जेवणात मात्सा लागतो, पण मधल्या दिवसांत भाकरीच चालवा. मात्साही पुरतो आणि पोटही साफ राहतं.

सण ९ एप्रिलला अंधार पडल्यावर संपतो. २०२७ मध्ये पहिला सेदेर २१ एप्रिलला आहे, ऊन आणखी कडक असेल. मंगळवेढ्याची नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते तेव्हाच दहा किलो घेऊन, निवडून, बंद डब्यात ठेवा. दळायची घाई मात्र करू नका.