सर्जनशीलता आणि सहा किलोवॅट

सुट्टी काढून, विमानाचं तिकीट काढून, वर रोख पैसे मोजून मोठी माणसं शिकवणीला बसतात, हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही. "अगं, तुला मे महिन्यात शुद्धलेखनाला बसवलं तर तू माळ्यावर लपायचीस," ती फोनवर म्हणते, "आणि हे एवढाले लोक तुझ्याकडे निबंध लिहायला येतात?"

येतात. आमचं घर इटलीतल्या उंब्रियात आहे, त्रासिमेनो तळ्याच्या दक्षिणेला, चित्ता देल्ला पिएवे गावापासून जरा आडबाजूला. उन्हाळाभर आमच्याकडे आठवड्याआठवड्याचे वर्ग असतात. एका आठवड्यात जलरंग, दुसऱ्यात लेखन, मधेच मातीकाम. शिकवणारे बाहेरून येतात. शिकवणं सोडून जे काही उरतं ते माझ्याकडे.

कागदोपत्री मात्र आम्ही शेतकरी. इथल्या कायद्याप्रमाणे शेतावर पाहुणे ठेवायचे तर शेती हा मुख्य धंदा हवा आणि पाहुणे हा जोडधंदा. म्हणजे कायद्याच्या नजरेत आमची ऑलिव्हची झाडं पहिली आणि ड्यूसेलडॉर्फहून आलेल्या बाई नंतर. झाडं याचा फायदा घेत नाहीत. बाईंना हा नियम मी अजून सांगितलेला नाही.

बुकिंगच्या आधी येतो तो सवलतीचा विषय. ज्येष्ठ नागरिक म्हणून, एकट्या आहेत म्हणून, गेल्या वर्षी आल्या होत्या म्हणून, मैत्रिणीला आणताहेत म्हणून. पूर्वी मला राग यायचा. मग पेरुजिनोची पत्रं कळली आणि राग गेला. हा पेरुजिनो जुना चित्रकार, आमच्याच गावचा. राफाएल त्याच्या हाताखाली शिकला असं मानतात, म्हणजे माणूस लहानसहान नव्हे. 1504 साली गावातल्या एका धर्मसंघाला भिंतीवर मोठं चित्र हवं होतं. त्यानं कळवलं की कामाचे 200 फ्लोरिन तरी होतात, पण गाव आपलंच, 100 द्या. 25 आत्ता, उरलेले वर्षाला 25 प्रमाणे. अर्धी किंमत आणि तीही हप्त्यानं! गावकऱ्यांनी यावर समाधान मानावं की नाही? छे. त्यातूनही 25 उतरवून घेतले. मग बिचाऱ्यानं लिहिलं, खेचर पाठवा, म्हणजे येतो. चित्र अजून भिंतीवर आहे आणि मागे पसरलेला देखावा आमच्या खिडकीतून दिसतो तसाच आहे. प्रत्यक्ष पेरुजिनोची ही गत, तर मी कोण लागून गेले? मी सवलत देते आणि शनिवारी चिउसीच्या स्टेशनावर गाडी घेऊन उभी राहते. पेरुजिनोच्या काळी खेचराकडे कुणी एसी मागत नव्हतं, इतकाच फरक.

पाहुणे येतात ते शांतता शोधत. फोन नको, घड्याळ नको, फक्त मी आणि माझा कोरा कागद. त्या कागदामागे किती वीज लागते याची मात्र त्यांना कल्पना नसते.

इटलीत साध्या घराला सहसा 3 किलोवॅटचं कनेक्शन असतं. एका वेळी त्याहून जास्त ओढलं की मीटर खटकन बंद. आम्ही 6 चं घेतलंय. त्याहून वाढवायचं तर खांबापासून केबल बदलावी लागते, आणि त्या अर्जाला आता दाढी फुटली आहे. स्वयंपाकघरातला ओव्हन दोन किलोवॅट, धुलाईयंत्र दोन, विहिरीवरचा पंप एक. राहिला एक. आणि संध्याकाळी साडेसातला, जेवणाआधी, सगळ्या बायका तळ्यात पोहून आलेल्या असतात. एक हेअर ड्रायर म्हणजे दोन किलोवॅट. मी कधी गणितात हुशार नव्हते, पण ही बेरीज मला झोपेतही येते.

वरच्या मजल्यावर पहिला ड्रायर घुंs करतो. मी धावत जाऊन धुलाईयंत्र बंद करते. दुसरा घुंs करतो. मी लसान्याकडे बघते, लसान्या माझ्याकडे बघतो, मी ओव्हन बंद करते. तिसरा सुरू होतो आणि घर काळंठिक्कर. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पाणी बंद. त्यामुळे अंधार पडल्यावर पाच सेकंदांत न्हाणीघरातून जी किंकाळी येते, ती डोक्याला शाम्पू लावलेल्या माणसाची असते. मीटर घरात नाही, ते खाली फाटकापाशी, रस्त्याकडेच्या पेटीत. मी टॉर्च घेऊन उतारावरून पळत सुटते. खटका वर करते. धापा टाकत वर येते, तोवर पुन्हा अंधार, कारण ड्रायरवाल्यांपैकी कुणीही बटण बंद केलेलं नसतं. परतीच्या वाटेवर अंगणात एक गृहस्थ आकाशाकडे बघत उभे असतात आणि मला म्हणतात, "किती सुंदर अंधार आहे तुमच्याकडे!"

प्रत्येक खोलीत मी पाटी लावून पाहिली, चार भाषांत. लेखनाच्या वर्गातल्या एका बाईंनी त्या पाटीतले स्वल्पविराम दुरुस्त केले. ड्रायर चालूच.

जेवणाचं थोडक्यात सांगते. फॉर्ममध्ये 'ग्लूटेन अजिबात नको' लिहिणारी मंडळी रविवारी दुपारी ताज्या पास्त्याच्या वासानं बरी होतात. इथला पाव बिनमिठाचा. सोळाव्या शतकात पोपनं मिठावर कर लावला तेव्हा लोकांनी रागानं मीठच सोडलं, अशी इथली दंतकथा. ती ऐकून पाहुणे माना डोलावतात आणि मग हळूच विचारतात, मीठ मिळेल का? मी लसणाची चटणी पुढे करते. हॉलंडमध्ये आज काही घरं अशी आहेत, जिथे उंब्रियाचा खास पदार्थ म्हणून सोलापूरच्या चटणीचं नाव निघतं. मी सुधारत नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी शिकारीचा हंगाम उघडतो, हे मौन लेखनाच्या शिक्षकांना कितीही सांगितलं तरी ते पहाटेचं सत्र त्याच सुमाराला ठेवतात. झुडपामागे ठोs झालं की मौन संपतं आणि लेखन सुरू होतं.

शिकवण्याच्या बाजूत मी नाक खुपसत नाही, पण सायप्रसच्या झाडाबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. जलरंगवाले सायप्रस काढतात. लेखनवाले सायप्रसवर कविता करतात, त्यात तो कधी प्रहरी असतो, कधी एकाकी, बहुधा दोन्ही. मातीकामवाल्यांनीही एकदा केला, भट्टीत तडकला. शेजारचे आजोबा कुंपणावर हात टेकून हे सगळं न्याहाळत असतात. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "सिन्योरा, या लोकांचं कुणी गेलंय का?" इटलीत कबरस्तानात सायप्रस लावतात. आजोबांना वाटत होतं, आम्ही दुखवट्याचे वर्ग चालवतो. तेव्हापासून ते नव्या तुकडीला येता-जाता टोपी काढून सांत्वनपर मान झुकवतात, आणि पाहुणे अभिप्रायात 'स्थानिक लोक अत्यंत आदरशील' असं लिहितात.

शुक्रवारी रात्री समारोप. अंगणात खुर्च्या, वाइन, वाचन. परवाच्या तुकडीत निवृत्त दंतवैद्य होते, आठवडाभर एका कथेवर घाम गाळत होते. कथेत नायक मरणासन्न बापाशेजारी बसलेला. वाचता वाचता ते म्हणाले, "आणि मग..." तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी ड्रायर लावला.

काळोख. कुणी हललं नाही. मी अंधारातच चपला शोधत होते, तर टाळ्या सुरू झाल्या. दोन बायका रडत होत्या. दंतवैद्य पुढचं पान वाचायचंच विसरले, आणि माझ्या कानावर आलंय की त्यात नायक सायप्रसखाली जाऊन उभा राहतो, तेव्हा बरंच झालं.

सकाळी त्यांचा फॉर्म आला. राहणं छान, जेवण छान, गाद्या जरा कडक. सूचनांच्या रकान्यात लिहिलं होतं: "वाचनाच्या वेळी दिवे घालवण्याची कल्पना अप्रतिम. पुढच्या वर्षीही ठेवावी. जुन्या विद्यार्थ्यांना काही सवलत असते का?"