मीटर मागे गेलेल्या गाड्या: जोगेश्वरीच्या गाडीवाल्यांना उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही नाव दिलेलं नाही, खाली ‘एक गाडीवाला, जोगेश्वरी’ एवढीच सही आहे, म्हणून दादाच म्हणते. प्रतिक्रिया रविवारी वाचली. उत्तराला तीन दिवस लागले, कारण रविवारी लिहिलेलं उत्तर रागाचं होतं. ते पुसलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की मुंबईत सेकंडहँड गाडी बघताना वर्षाला पाच हजार किलोमीटरपेक्षा कमी रनिंग दिसलं, तर मीटर मागे केलंय, म्हणजे चाललेल्या किलोमीटरचा आकडा कमी केलाय, असं धरा आणि तिथून निघा. दादांकडे माटुंग्याच्या एका आजोबांची २०१४ ची पेट्रोल गाडी विकायला आहे, ३१,००० चाललेली. गिऱ्हाईक टोकन द्यायला आलं, मोबाइलवर माझा लेख काढून त्यांच्यासमोर धरला आणि आल्या पावली परत गेलं. त्यावर दादा म्हणतात: मुंबईत लोक लोकलने जातात, गाड्या सोसायटीत उभ्याच असतात, हे लेखिकेला ठाऊक नाही का? दुसरं, आता मीटर डिजिटल आहेत, फिरवायला काय रिक्षाचं मीटर आहे? आणि तिसरं, गिऱ्हाईकालाच कमी आकडा हवा असतो, मग शिव्या आम्हालाच का?

पहिला मुद्दा तुमचा. ते वाक्य चुकीचं होतं, लेखातून काढलंय. मी मुलुंडला राहते, आमच्याच इमारतीत कव्हर घालून ठेवलेल्या चार गाड्या आहेत. एक काका तर रविवारी गाडी बाहेर काढली की परत जागा मिळणार नाही म्हणून बायकोला घेऊन रिक्षाने जातात. तेव्हा अकरा-बारा वर्षांत ३१,००० होऊ शकतात, अगदी आरामात.

पण दादा, घोळ तिथेच आहे. जी गोष्ट खरी असू शकते, तिच्याच आड खोटं लपतं. गाडी दाखवणारा प्रत्येक एजंट ‘पारशी बावाची गाडी’ किंवा ‘डॉक्टरची गाडी, फक्त क्लिनिकपर्यंत’ म्हणतो. यांचं ऐकलं तर या शहरातले सगळे डॉक्टर दर महिन्याला गाडी बदलत असणार. मग आजोबांची खरी गाडी आणि मागे फिरवलेली गाडी यांत फरक कसा करायचा? मागच्या लेखात मी हे सांगायला हवं होतं. त्याऐवजी एक आकडा फेकून मोकळी झाले.

कमी चाललेल्या गाडीचं म्हातारपण वेगळं असतं. टायरच्या कडेला लांबट गोलात चार आकडे असतात, त्यात पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २२१४ म्हणजे २०१४ च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आजोबांच्या गाडीवर अजून तेच टायर असतील तर नक्षी शाबूत आणि रबराला कडेने बारीक भेगा, असं दिसेल. वयामुळे बदलले असतील तर एकदाच, चारही बरोबर, आणि आजोबा माटुंग्याचे असतील तर बिलही फायलीत लावलेलं असेल. उलट मीटर ३१,००० सांगतंय आणि टायर एक १८ चा, दोन २१ चे, एक २३ चा, तर ही गाडी उभी नव्हती. तीस हजारांत कोणी टायर टाकून देत नाही.

मागच्या महिन्यात भाच्याबरोबर ठाण्याला एक गाडी बघितली. २०१७ ची सेडान, मीटर ४४,०००. बाहेरून आरसा. आत बसले तर क्लचच्या पेडलचं रबर कोरं करकरीत, ब्रेकपलीकडचा ॲक्सिलरेटर मात्र गुळगुळीत झालेला. चव्वेचाळीस हजारांत पेडलचं रबर बदलावं लागत नाही. सीटकव्हरही नवं होतं. मी ते कोपऱ्यातून थोडं उचललं, तर ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड, जिच्यावरून आपण घासून आत शिरतो, ती पार बसलेली. मग मागचं डावं दार उघडलं. हे दार कोणीच बघत नाही. आपल्याकडे प्रवासी फूटपाथच्या बाजूने चढतो, त्यामुळे टुरिस्टला चाललेल्या गाडीचं मागचं डावं दार ढिलं पडतं, उंबरठ्यावर बुटांचे ओरखडे असतात आणि मागच्या सीटची डावी बाजू खचते. घरच्या गाडीची मागची सीट बहुधा सगळ्यात चांगली असते. या गाडीची तशी नव्हती. दाराच्या खांबावर दोन बुजवलेली भोकंही होती. १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या टॅक्सीसारख्या प्रवासी वाहनांना संकटात दाबायचं पॅनिक बटण लागतं, पण ही १७ ची, म्हणजे भोकं कसली ते मला कळलं नाही. एजंटला विचारलं, त्यालाही कळलं नाही. भाच्याला म्हटलं, चल, वडापाव खाऊ.

मुंबई-पुणे साधारण १५० किलोमीटर. टुरिस्ट गाडी रोज जाऊन-येऊन, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तरी वर्षाला ९०,००० होतात. ती पांढरी पाटी लावून ‘फॅमिली कार’ झाली की मीटरवर काय ठेवायचं, हे कोणीतरी टेबलाशी बसून ठरवतं.

सीएनजीचंही तसंच. महिन्याला तीनशे किलोमीटर चालवणारा माणूस किटचा खर्च करून, डिकी सिलिंडरला देऊन, पंपावर रांग लावेल का? सीएनजी भरतो तो बहुतेक रोज पळणारा माणूस. आरसीवर सीएनजी आणि मीटरवर २८,००० असं असेल तर सिलिंडरच्या हायड्रो टेस्टचा, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीचा, कागद मागा. ती दर तीन वर्षांनी करावी लागते. किट काढून विकलं असेल तर डिकीत पट्ट्यांच्या बोल्टची भोकं सापडतात. गालिचा उचलायला लाजू नका.

आता दुसरा मुद्दा, डिजिटल मीटर. इथे तुम्ही चुकताय, आणि तुम्हाला खरं माहीत नाही यावर माझा विश्वास बसायला जरा जड जातंय. जुन्या मीटरमध्ये आकड्यांची चाकं असायची. कोणी हात लावला की बहुतेकदा आकडे एका ओळीत बसायचे नाहीत, डोळ्याला कळायचं. डिजिटलमध्ये तो आकडा मीटरच्या पाटीवरच्या एका मेमरी चिपमध्ये असतो. स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीचे बिघाड तपासायच्या जोडणीला, यंत्र लावून किंवा मीटर बाहेर काढून तो बदलतात. काम मिनिटांचं, मागे ओरखडासुद्धा राहत नाही. काही गाड्यांत हाच आकडा इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये किंवा एबीएस-एअरबॅगच्या युनिटमध्येही नोंदला जातो, आणि एखादा बिघाड नोंदताना गाडी तेव्हाचे किलोमीटरही लिहून ठेवते. मीटर फिरवणारा घाईत ते विसरतो. चांगल्या वर्कशॉपचा स्कॅनर लावला, मीटरवर ४०,००० आणि जुना बिघाड ९७,००० वरचा निघाला, की विषय संपला. सगळ्याच गाड्यांत हे सापडत नाही, म्हणून नुसत्या स्कॅनरवर भिस्त ठेवू नये.

माझी स्वतःची गोष्ट मागच्या लेखात नव्हती, कारण लाज वाटत होती. २०१८ मध्ये मी एका विक्रेत्याकडून २०१२ ची डिझेल हॅचबॅक घेतली. मीटर ४१,०००. मेकॅनिक नेला नाही, आवाज गोड होता, रंग आवडला. अकरा महिन्यांनी विक्रोळीजवळ हायवेवर टक्कन आवाज आला आणि इंजिन गप्प. टोइंग करून कंपनीच्या वर्कशॉपला नेली. काउंटरवरच्या मुलाने चॅसिस नंबर टाकला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि काही बोलला नाही. शेवटचं जॉब कार्ड, म्हणजे वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद, २०१६ चं होतं, त्यावर १,०८,००० किलोमीटर.

पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ राखायला त्या इंजिनाला टायमिंग चेन नसून बेल्ट होता, आणि तो लाखाच्या आसपास बदलायचा होता. मी मीटर बघून निवांत होते, अजून निम्मंही झालं नाही म्हणून. बेल्ट तुटला, पिस्टन व्हॉल्व्हवर आपटले, व्हॉल्व्ह वाकले, हेड उघडलं. बिल ६२,०००. मीटर मागे करणं म्हणजे पाच-पंचवीस हजारांची किंमतवाढ, असं लोकांना वाटतं. पण बेल्ट, कूलंट, गिअर ऑइल, सगळं आपण किलोमीटर बघूनच बदलतो. तो आकडाच खोटा असेल तर आपण डोळे बांधून गाडी चालवत असतो.

विक्रेत्याकडे गेले. “मॅडम, आम्हाला जशी आली तशी दिली.” माझ्या पावतीवर किलोमीटर लिहिलेलेच नव्हते आणि खाली ‘गाडी जशी आहे तशी’ छापलेलं होतं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं हे माहीत होतं, पण हातात दाखवण्यासारखा कागद नव्हता, आणि खरं सांगायचं तर दमले होते. तेव्हापासून ओळखीचं कोणीही गाडी घ्यायला निघालं की मी एकच गोष्ट हट्टाने करायला लावते: विक्रीच्या कागदावर मीटरचं रीडिंग लिहून, खाली विकणाऱ्याची सही. ज्याचं मीटर खरं आहे तो लगेच करतो. ज्याचं नाही त्याला अचानक दुसरं गिऱ्हाईक आठवतं.

टोकन देण्याआधी मात्र जॉब कार्ड. गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपला जा, मालकाला फोन करायला लावा, नोंदी मागा. विम्याचा क्लेम झाला असेल तर त्या दुरुस्तीच्या बिलावर किलोमीटर असतात, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, शून्यावर आला असेल तर क्लेम झाला असण्याची शक्यता आहे. वाहतूक पोलिसांच्या ई-चलानमध्ये तारीख आणि जागा दिसते. ‘फक्त दादर-माटुंगा’ चालणाऱ्या गाडीची वेगाची चलानं एक्स्प्रेसवेवर का, हे विचारायला काय हरकत आहे? मला सगळ्यात आवडतो तो फास्टॅगचा हिशेब. मालकाच्या ॲपमध्ये टोलच्या नोंदी असतात. खालापूर, तळेगाव, खालापूर, तळेगाव, असं पानभर दिसलं की आजोबा देवळात जात नव्हते.

तिसऱ्या मुद्द्यापाशी मी गप्प झाले. तुम्ही लिहिलंय, “८५,००० खरं सांगितलं की गिऱ्हाईक फोन ठेवतं. तीच गाडी शेजाऱ्याने ४५,००० म्हणून विकली.” हे खरं आहे, आणि फोन ठेवणाऱ्यांत मी होते. २०१८ मध्ये गाड्या शोधताना मी ॲपवर ‘५०,००० च्या आत’ असं फिल्टर लावलं होतं. म्हणजे खरं बोलणारे सगळे मी आधीच गाळून टाकले होते आणि उरलेल्यांतून ‘विश्वासू’ माणूस निवडत होते.

त्यातही गंमत बघा. गर्दीच्या वेळी सरासरी २० किलोमीटर वेगाने घाटकोपर ते अंधेरी रडतखडत ४०,००० किलोमीटर झालेल्या गाडीचं इंजिन २,००० तास चाललेलं असतं. हायवेवर सरासरी ६० ने तेवढेच तास चाललेल्या गाडीच्या मीटरवर १,२०,००० दिसतील. मुंबईच्या गाडीचा क्लच वर आणखी झिजलेला. मग पुणे-नाशिक करणाऱ्या, वेळेवर सर्व्हिस झालेल्या ९०,००० च्या गाडीला आपण नाक का मुरडतो? मी आता तशीच गाडी चालवते. घेतली तेव्हा ८७,००० होते, फायलीत अकरा जॉब कार्डं. घरचे म्हणाले, म्हातारी आणलीस.

पण दादा, गिऱ्हाईकाला हवं असतं म्हणून शेजारी मीटर फिरवतो, आणि तुम्ही ते माहीत असून ‘शिव्या आम्हालाच का’ म्हणता, हे दोन्ही एकदम कसं चालेल? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. गाडी ताब्यात असताना ती कोणी, कशासाठी, किती किलोमीटर चालवली याची नोंद इलेक्ट्रॉनिक वहीत ठेवायची असते. गाडी तुमच्याकडे आली त्या दिवशीचं रीडिंग तुमच्याकडे असणारच. ते दुकानाच्या काचेवर लावा ना. माझ्यासारखीचा लेख मोबाइलवर धरून उभ्या राहणाऱ्याला दाखवायला तेवढं पुरे आहे.

ते परत गेलेलं गिऱ्हाईक हा लेख वाचत असेल तर त्यांना सांगते: माझ्या एका वाक्यावरून सोडली असेल तर पुन्हा जाऊन बघा, या वेळी मेकॅनिक घेऊन. आणि दादा, आजोबांकडून सर्व्हिसची फाईल मागवून घ्या. तोवर एक काम करा. गाडीजवळ जाऊन खाली वाका आणि चारही टायरवरचे चार-चार आकडे इथे खाली लिहा. पाचवा, डिकीतला, तोही बघा. मला खरंच जाणून घ्यायचंय.