जर्मनीला पोरं पाठवताय, तर आधी जुना हिशोब बघा

फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. 10,000 कुशल माणसं पाठवायची: नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर. फोटो झकास आले. तेव्हापासून आमच्याकडे आयटीआय झालेल्या पोरांच्या घरी जर्मनीशिवाय दुसरा विषय नाही.

जावंच पोरांनी. पण घोडं कुठे अडतं ते कुणी सांगत नाही. आपला इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा, त्यांचा साडेतीन वर्षांचा, तोही निम्म्याहून जास्त कारखान्यात. त्यामुळे आपलं सर्टिफिकेट तिथे सरसकट चालत नाही. मार्च 2024 पासून त्यांनी कायद्यात एक वाट काढली आहे: मायदेशातलं किमान दोन वर्षांचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण, ए-2 पातळीची (म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरती) जर्मन आणि हातात नोकरीचा करार असेल, तर तिथे काम करता करता मान्यता मिळवता येते. आपल्या पोरांच्या कामाची गोष्ट हीच, आणि भाषणांत नेमकी हीच नसते.

नर्सना तर भाषेत साधारण बी-2 पर्यंत, म्हणजे सफाईने बोलता येण्यापर्यंत, मजल मारावी लागते. माझी भाची मिरजेत नाइट ड्युटी करून सकाळी ऑनलाइन क्लासला बसते. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी, असं घोकत चहा पिते. चार-सहा महिन्यांत उरकणारं काम नाही हे.

आता जुना हिशोब. 1955 मध्ये इटली, 1961 मध्ये तुर्कस्तान, असे करार करत पश्चिम जर्मनीने कामगार बोलावले. कल्पना अशी की दोन वर्षं राबायचं आणि परत जायचं. 1964 मध्ये दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून एका पोर्तुगीज सुताराला कोलोनच्या स्टेशनवर मोपेड भेट दिली, बँडबाजासकट. मग 1973 ला, तेलसंकटाच्या तोंडावर, भरती बंद. गंमत बघा, आता गेलो तर परत येता येणार नाही म्हणून लोक तिथेच थांबले आणि बायकापोरांना बोलावून घेतलं. त्या पोरांच्या भाषेची, शाळेची तयारी मात्र कुणी केलीच नव्हती.

आजचा जर्मन कायदा त्या मानाने बराच शहाणा आहे. कुटुंब नेता येतं, नागरिकत्वाची वाट पाच वर्षांवर आली आहे. म्हणूनच आपल्या सरकारने नुसते आकडे न सांगता तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: भाषेचा पूर्ण खर्च कुणाचा, मान्यता लटकली तर पगार काय, आणि नोकरी मध्येच सोडली तर वसुली किती. तिसऱ्या कलमात भलेभले फसतात.

परवा एका ओळखीच्यांनी फोन केला, एजंट पाच लाख मागतोय, देऊ का? अजिबात नको. परदेशात भरती करणाऱ्याकडे 1983 च्या कायद्याप्रमाणे केंद्राचा परवाना लागतो, आणि त्याचं सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी. ई-मायग्रेट या केंद्र सरकारच्या साइटवर त्याचं नाव शोधा. नसेल, किंवा पावती द्यायला का कू करत असेल, तर नमस्कार करून निघा.