‘ट्रॅश’वरचा राग चुकीच्या जागी

इफ्फीचे, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे, दिवस जवळ आले की आमच्या गोव्यातल्या सिनेमावेड्या मंडळींत एक मजकूर फिरू लागतो. विषय असतो ब्रिटिश दिग्दर्शक स्टीफन डाल्ड्री यांचा २०१४ चा ‘ट्रॅश’: ब्राझीलमधल्या रिओत कचऱ्याच्या ढिगावर जगणारी राफाएल, गार्डो आणि त्यांचा एक मित्र अशी तीन मुले, आणि त्यांच्या हाती लागलेले, एका भ्रष्ट पुढाऱ्याचे बिंग फोडू शकणारे पाकीट. तो पुढे करून मजकुरात तावातावाने म्हटलेले असते की परक्यांनी रिओची गरिबी विकली, दोन अमेरिकन पात्रांना तारणहार केले, समीक्षकांनी चित्रपट साफ धुडकावला, आणि मुळात कचऱ्यावर जगणाऱ्या मुलांवर साहसकथा रचणे हाच त्यांचा अपमान आहे.

धुडकावला, हे खोटे. मते दुभंगली होती. रोमच्या महोत्सवात प्रेक्षकांनी त्याला पसंतीचा पुरस्कार दिला आणि २०१५ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांच्या इंग्रजीतर चित्रपटांच्या नामांकनात तो होता. नाके मुरडणाऱ्यांनीही तिन्ही मुलांच्या कामाचे कौतुक केले.

परकेपणाच्या आक्षेपात थोडे तथ्य आहे. पटकथाकार रिचर्ड कर्टिस आणि मूळ कादंबरीकार अँडी मलिगन, दोघेही ब्रिटिश. पण संवाद बहुतांशी पोर्तुगीज आहेत, आणि मुले तिथलीच, तोवर पडद्यावर न आलेली. शिवाय गरिबी परदेशात विकल्याचा आरोप १९८० च्या सुमारास नर्गिस दत्त यांनी केला, तो सत्यजित राय यांच्यावर. घरच्या माणसालाही जो चुकला नाही, तो आरोप पासपोर्ट पाहून कसा ठरवायचा?

तारणहाराचा मुद्दा तर चित्रपट नीट न पाहता लिहिलेला दिसतो. मार्टिन शीनचा पाद्री आणि रूनी माराची शिक्षिका कडेलाच राहतात. पाकिटाचे कोडे सोडवायला तुरुंगातल्या एका म्हाताऱ्याला भेटायचे ठरवतो गार्डो. शिक्षिकेला तो सोबत नेतो, कारण तिच्याशिवाय त्याला आत कोण सोडणार?

आता साहसाबद्दल. मला सगळ्यात खटकतो तो हाच मुद्दा. राफाएलला ढिगाऱ्यात पाकीट सापडते. पोलीस येऊन बक्षीस जाहीर करतात, सारी वस्ती शोधू लागते, आणि पोरगा गप्प राहतो. त्या गप्प राहण्यात केवढी अक्कल आहे! वर्दीवाला पैसे देतो म्हणजे त्या पाकिटात त्याहून मोठे काहीतरी असणार, हे त्याला कुणी शिकवलेले नाही. आपल्याकडे भंगाराच्या अड्ड्यावर उभे राहून पाहा. पाण्याची बाटली एकीकडे, कडक प्लास्टिक दुसरीकडे, वायर सोलून तांबे तिसरीकडे. बारा-तेरा वर्षांच्या पोराचा हात न बघता चालतो. मडगावजवळच्या सोनसोडोचा कचऱ्याचा ढीग पेटला की आपण धुराबद्दल बोलतो, या हातांबद्दल नाही. अशा मुलाला पडद्यावर फक्त रडताना, हात पसरताना दाखवले की आपल्याला ते संवेदनशील वाटते. तोच मुलगा डोके चालवतो, धावतो, मोठ्यांना चकवतो, तेव्हा मात्र म्हणे गरिबीची थट्टा झाली. साहसकथेचा नायक होण्याचा हक्क पोटभर जेवणाऱ्या मुलांनाच का असावा?

समीक्षकांचा जो आक्षेप खरोखर जड आहे, तो या मजकुरात नाहीच. पोलिसांच्या गाडीत राफाएलला अमानुष मारतात, ते दृश्य बघवत नाही. त्यानंतर तासाभरात कचऱ्यावर नोटांचा पाऊस पडतो आणि मुले समुद्रकिनारी सुखात दिसतात. मार खरा, सुटका मात्र परीकथेतली. एवढ्या बलाढ्य पुढाऱ्याला हात घालणाऱ्या पोरांना तिथली व्यवस्था इतक्या सहज सोडून देईल, हे मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. भांडायचेच असेल तर या शेवटाशी भांडा.