फ्रिजला कुलूप लावा म्हणणाऱ्यांना

‘रात्री उठून खाणारे सगळे ढोंगी. जिभेवर ताबा नाही आणि वर म्हणे आठवत नाही! रात्री पोटभर जेवू घाला, फ्रिजला कुलूप लावा, तरी उठले तर झोपेची गोळी द्या.’ फॅमिली ग्रुपवर हा मेसेज तुम्हालाही आला असेल.

आधी ते ‘ढोंगी’. झोपेत खाण्याच्या विकारात माणूस गाढ झोपेतून अर्धवटच जागा होतो. डोळे उघडे, हात चालू, भान मात्र नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी १९९१ मध्ये असे रुग्ण नोंदवले. या विकारात लोक कच्चं गोठलेलं मांस, मांजराचं खाणं, अगदी लोणी लावलेली सिगारेटही खातात. हे जिभेचे चोचले म्हणायचे? पूर्ण जागं राहून, समजून-उमजून रात्री खाणारेही असतात. तो वेगळा विकार, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ स्टंकार्ड यांनी १९५५ मध्येच मांडलेला. मेसेजवाल्याने दोन्ही एकाच माळेत ओवलेत.

पोटभर जेवण? पुष्कळदा भूक नसतानाच हे खाणं होतं. मधुमेह असेल तर आणखी घोळ: डायरीत पथ्य चोख, आणि सकाळची ‘उपाशीपोटी’ साखर चढलेली. रात्री दोनला साखरेचा डबा उघडला होता, हे खुद्द रुग्णालाच ठाऊक नसतं. वजन वाढतं, दात किडतात, घास अडकू शकतो.

कुलपाचं म्हणाल तर सुऱ्या, फिनेल, औषधं कुलपात ठेवाच. रात्री सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद करा. भाजणं-कापणं टळेल, विकार जाणार नाही. त्यामागे पायांची अस्वस्थता किंवा झोपेत श्वास अडणं आहे का, ते तपासावं लागतं.

आणि गोळी! हा सल्ला सरळसरळ धोक्याचा. झोल्पिडेमसारख्या गोळ्यांमुळेच काहींना हा त्रास सुरू होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये अशा गोळ्यांवर चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक इशारा छापायला लावला: झोपेत असं वागणं एकदा जरी घडलं असेल, तर ती गोळी त्या माणसाला नको. शेजारच्या काकांच्या पट्टीतली अर्धी गोळी तर नकोच नको. आधीपासून गोळी चालू असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा; मनाने डोस वाढवू-घटवू नका. तपासणीला जाताना चालू औषधांची यादी न्या, आणि खोलीत सोबत झोपणाऱ्यालाही न्या. रात्री काय झालं ते त्यालाच सांगता येईल.