‘आधी रुग्ण, कारखाना नंतर’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

पुनर्वसनाच्या उपकरणाचं पहिलं चित्र काढतानाच ते कुठल्या पद्धतीने बनणार हे ठरवावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया : ‘मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आधी रुग्णाला काय हवं ते समजून घ्या, कारखान्याचं नंतर बघता येतं. आणि आता थ्रीडी प्रिंटिंग असताना साच्याची काळजी कशाला?’ रुग्ण आधी, हे मला शंभर टक्के मान्य आहे. ‘नंतर बघता येतं’ हे मात्र मान्य नाही.

तुमच्याच टेबलावरचं उदाहरण घेतो. स्प्लिंटची, म्हणजे हाताला आधार देणाऱ्या साधनाची, प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून तुम्ही ती थेट रुग्णाच्या हातावर बसवता. कागदावर पॅटर्न आखता तेव्हाच पद्धत ठरलेली असते. म्हणून तर सूज उतरल्यावर तीच स्प्लिंट पुन्हा तापवून नीट करता येते, आणि म्हणूनच ‘उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका’ असं बजावावंही लागतं.

जयपूर फूट या कृत्रिम पावलाकडे बघा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. गरज स्पष्ट होती : उकिडवं बसता यावं, मांडी घालता यावी, अनवाणी आणि ओल्या शेतात चालता यावं. पण नुसत्या गरजेतून पाऊल तयार होत नाही. ॲल्युमिनियमच्या डायमध्ये (साच्यात) रबर व्हल्कनाइझ करायचं, म्हणजे उष्णता देऊन पक्कं करायचं, हे ठरलं, तेव्हा रचना जुळत गेली : टाचेला आणि चवड्याला हलकं सच्छिद्र रबर, घोट्याला लाकडाचा ठोकळा, वरून टायर कॉर्ड (टायरमधले मजबूत धागे) आणि रबराचं आवरण. टायर रिट्रेडिंग करणाऱ्यांच्या, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवणाऱ्यांच्या, ओळखीची ही प्रक्रिया. पाऊल बुटाशिवाय वापरता येतं, पाण्यात खराब होत नाही आणि साध्या वर्कशॉपमध्ये बनतं, ते या निवडीमुळेच.

आता माझी चूक सांगतो, कारण ती रुग्णांना भोगावी लागली. पक्षाघातानंतर मनगटाला व्यायाम देणारं एक छोटं उपकरण आम्ही करत होतो. मूठ थ्रीडी प्रिंटवर काढली, भरीव, जवळजवळ ९ मिमी जाडीची. रुग्णांनी वापरली, पसंत केली. मग इंजेक्शन मोल्डिंगसाठी, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भाग बनवण्यासाठी, साचे करणाऱ्या टूलरूममध्ये गेलो. तिथल्या अनुभवी माणसाने पाहताक्षणी सांगितलं की एवढ्या जाडीला सिंक मार्क, म्हणजे थंड होताना पृष्ठभागावर खळगे, पडणार. भिंत ३ मिमीची करा, आतून रिब (आधाराच्या पातळ पट्ट्या) द्या. पट्ट्याच्या खाचेला साइड कोअर (साच्यात बाजूने सरकणारा भाग) लागणार होता, बाजूंना ड्राफ्ट (भाग साच्यातून सुटावा म्हणून दिलेला हलका उतार) नव्हता. सगळं बदललं, तशी मुठीची पकड आणि वजनही बदललं. सर्वांत वाईट म्हणजे पार्टिंग लाइन, साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटणारी रेघ, नेमकी तळहात टेकतो तिथे आली. ज्या हाताची संवेदना कमी झाली आहे, त्या माणसाला ती रेघ घासते हे कळत नाही; कळते ती नंतर झालेली जखम. दोन हातांवर लालसर वळ दिसले आणि आम्ही थांबलो. साचा दुरुस्त करून सगळ्या रुग्णांना पुन्हा बोलवावं लागलं. प्रिंट केलेल्या मुठीवर घेतलेली चाचणी मोल्ड केलेल्या मुठीला लागू पडत नाही, हे मला तेव्हा उमगलं. ताई, एका हाताने रिक्षात चढून आलेल्या माणसांना ‘पुन्हा या’ म्हणणं फार जड गेलं.

थ्रीडी प्रिंटिंग ही पळवाट नाही, तीही एक पद्धतच आहे आणि तीही आधीच ठरवावी लागते. एकाच माणसाच्या मापाची वस्तू हवी असेल तर मी आनंदाने तीच निवडेन. पण फिलामेंटने (वितळवून थरांत घातलेल्या प्लास्टिकच्या तारेने) छापलेला भाग थरांच्या जोडावर कमजोर असतो, त्यामुळे जोर कुठून येणार ते पाहून तो मशीनवर आडवा की उभा छापायचा हे ठरवावं लागतं. थरांच्या खाचांत घाम आणि मळ साचतो. रोज अंगाला लागणाऱ्या वस्तूत हे चालवून घेता येत नाही.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे : सुरुवात रुग्णापासूनच व्हावी. माझ्या लेखात पद्धत निवडण्यासाठी दिलेल्या तक्त्याचा पहिला रकाना ‘नग किती’ असा होता. तिथे आज मी ‘मोडलं तर दुरुस्त कोण करणार’ हा प्रश्न टाकला आहे. तुमच्या रुग्णांचे पट्टे आणि वेल्क्रो तुटल्यावर गावाकडे ते कुणाकडे जातात? चांभाराकडे, शिंप्याकडे, की वस्तू तशीच पडून राहते? हे तुमच्याकडून कळलं तर पुढच्या मुठीला खाच करायची की साधी बकल लावायची, ते मला ठरवता येईल.