नौकेतले बूट कोणाचे असतात? ‘सेता नदीवरची पहाट’ या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

‘सेता नदीवरची पहाट’ या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. ती मी दोनदा वाचली आणि उत्तराला उशीर झाला तो त्यातील एका मुद्द्यापाशी मी अडखळले म्हणून. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आशय सांगते. जपानमधील ओत्सु शहरातील एका शाळेत विनिमय विद्यार्थिनी म्हणून मी 2018-19 हे वर्ष काढले, त्या वर्षाचे आणि तिथल्या रोइंग क्लबचे माझे वर्णन आपल्याला दास्याचा गौरव वाटले. नव्या मुलींनी गुडघे टेकून मोठ्या मुलींच्या बुटांच्या दोऱ्या बांधायच्या, नदीसमोर कमरेत वाकायचे, ‘सेन्पाइ’ म्हणजे वरच्या वर्गातल्यांचा शब्द झेलायचा आणि मी त्याला शिस्त म्हणायचे, हे आपल्याला रुचले नाही. जपानी शाळांतील क्रीडा मंडळांत होणाऱ्या छळाबद्दल मी अवाक्षर काढले नाही, असेही आपण म्हटले आहे. शेवटी आपण विचारता की आईवडिलांच्या पैशाने भाषा शिकायला गेलेल्या मुलीने वर्षभर वल्ही वाहिली आणि एकही शर्यत न लढता ती परत आली, तर यात साधले काय?

दोरीपासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझ्या वाक्याची आहे. ‘सेन्पाइंच्या बुटांच्या दोऱ्या’ असे मी लिहिले आणि कोणाही मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पाय पुढे करून बसलेली एक मोठी मुलगी आणि तिच्यापुढे वाकलेली एक लहान मुलगी उभी राहावी, यात नवल नाही. प्रत्यक्षात त्या वेळी नौकेत कोणीही बसलेले नसते. शर्यतीच्या नौकेत बूट हे नौकेचाच भाग असतात. पावलांसाठीच्या तिरप्या फळीवर ते स्क्रूने घट्ट बसवलेले असतात आणि त्या जागेवर जी बसेल तिने त्यांत पाय घालायचे असतात. ते कोणाच्याही मालकीचे नसतात. बुटाचा पुढचा भाग फळीला जखडलेला आणि टाच मोकळी असते, कारण बसायची फळी रुळांवरून पुढे सरकते तेव्हा टाच उचलली जाते. प्रत्येक टाचेला मागून एक आखूड दोरी बांधलेली असते. नौका उलटली तर वल्हवणारी व्यक्ती डोके पाण्याखाली आणि पाय बुटात अशा अवस्थेत लटकते. अशा वेळी पाय जोरात ओढला की ती दोरी बुटाची टाच धरून ठेवते आणि पाऊल बुटातून निसटून बाहेर येते. दोरी नसेल, किंवा असून जीर्ण झालेली असेल, तर पावलासोबत बूटही वर येतो आणि पाय अडकून राहतो.

एप्रिलच्या पहाटे ओल्या तराफ्यावर गुडघे टेकून, चार जागांच्या आठही टाचांच्या दोऱ्या एकेक करून ओढून पाहायच्या, हे काम नव्या मुलींना दिलेले होते. तिसऱ्या आठवड्यात मी अशीच एक दोरी ओढली आणि ती माझ्या हातात आली. ती ‘सेइच्यो’ची, म्हणजे जिच्या वल्ह्याच्या लयीवर मागच्या तिघी चालतात तिची जागा होती, आणि त्या जागेवर तिसऱ्या वर्षाची मुलगी बसायची. मी ‘किरेतेमासु’, तुटली आहे, एवढेच म्हणाले. नौका पाण्यातून उचलून परत ‘तेइको’त, म्हणजे नौकाघरात नेण्यात आली, नवी दोरी बांधून होईपर्यंत सराव थांबला आणि त्या मोठ्या मुलीने माझ्यापुढे वाकून आभार मानले. जपानमध्ये माझ्या बोलण्याने काही काम थांबले आणि ते थांबले याचा कोणाला राग आला नाही, असे प्रथमच घडले. मूळ लेखात हा प्रसंग यायला हवा होता. तो न आल्यामुळे आपला गैरसमज झाला हे मान्य करते.

नदीला नमस्कार करण्याविषयी मात्र मला फारसे बोलावेसे वाटत नाही. आपल्याकडे तालमीत उतरणारा मल्ल माती कपाळाला लावतो, तेव्हा त्याला कोणी मातीचा गुलाम म्हणत नाही. त्यातही सेता नदीपाशी वाकण्याला एक जुने कारण आहे. बिवा सरोवरातून नैसर्गिकरीत्या बाहेर पडणारी ही एकुलती एक नदी, आणि सरोवराच्या पश्चिमेला हिरा पर्वताची रांग. वसंतात त्या रांगेवरून जे वारे खाली कोसळतात, त्यांनी 6 एप्रिल 1941 रोजी कानाझावाच्या चौथ्या उच्च विद्यालयाची नौका ताकाशिमाच्या किनाऱ्याजवळ बुडवली आणि तीतले 11 तरुण गेले. मृतदेह शोधण्याचे काम सुमारे दोन महिने चालले. क्लबच्या शिक्षकांनी हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. ‘घाई असेल तर वळसा घाला’ या अर्थाची एक म्हण जपानीत आहे आणि तिचा उगम याच परिसरातला सांगतात. क्योतोकडे जाणाऱ्या वाटसरूला याबासेच्या धक्क्यावरून होडीने सरोवर ओलांडणे जवळ पडे, पण वारा सुटला की होडी अडकायची, म्हणून सेताच्या लांब पुलावरून फिरून जाणेच शहाणपणाचे, अशी एक जुनी कविता सोच्यो या कवीच्या नावावर आहे. त्या पुलाच्या आजच्या अवताराखालून आमची नौका रोज जायची.

आता ‘शब्द झेलण्या’विषयी. जमिनीवर वयाची उतरंड होती आणि ती कडक होती, हे मी नाकारत नाही. जपानी भाषेत क्रियापदाच्या शेवटातूनच समोरच्याचा मान कळतो, आणि पहिल्या वर्षाची मुलगी तिसऱ्या वर्षाच्या मुलीशी बोलताना तो शेवट कधी विसरत नसे. पण नौका तराफ्यापासून सुटली की एक चमत्कारिक गोष्ट व्हायची आणि तिच्याकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही. वल्हवणाऱ्या चौघींची पाठ प्रवासाच्या दिशेला असते. पुढे काय आहे ते फक्त सुकाणू धरणारीला दिसते आणि ती आमच्या नौकेत मागच्या टोकाला, आमच्याकडे तोंड करून बसायची. कोकणात जिला आपण तांडेल म्हणू ती ही मुलगी दुसऱ्या वर्षाची होती, अंगाने आमच्यात सर्वांत हलकी होती, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलींना ती आज्ञार्थी, उघड्या क्रियापदात हुकूम द्यायची. तिथे नावे नव्हती आणि सन्मानदर्शक प्रत्ययही नव्हते. नौकेच्या पुढच्या टोकापासून मोजलेला जागेचा आकडा, एवढीच प्रत्येकीची ओळख. मी दुसऱ्या जागेवर होते, त्यामुळे ‘निबान, हायाइ!’ म्हणजे ‘दोन नंबर, घाई करतेयस!’ हे वाक्य मी त्या वर्षात किती वेळा ऐकले ते मोजता येणार नाही. हेच वाक्य तिने संघनायिकेला उद्देशून म्हटलेलेही मी ऐकले आहे, तेव्हा फक्त आकडा वेगळा होता. ‘इजी ओरु’ हा थांबण्याचा हुकूम इंग्रजीतून आलेला आणि जपानी तोंडात गोल झालेला. तो कानावर पडल्यावर चौघींची वल्ही एकाच क्षणी पाण्याबाहेर आली नाहीत तर नौका एका कुशीवर कलते. वरच्या वर्गाचा मान राखायला तिथे सवडच नसते. पाण्यावर आम्ही आज्ञा पाळायचो ती ज्येष्ठतेची नव्हे, डोळ्यांची. तराफ्यावर पाय ठेवला की तीच मुलगी पुन्हा ‘सेन्पाइ, ओत्सुकारेसामा देसु’, म्हणजे ‘ताई, आपण फार श्रम घेतलेत’, असे अदबीने म्हणत मागे व्हायची. हे दोन्ही एकाच मुलीच्या तोंडून एका मिनिटाच्या अंतराने ऐकणे, हा जपानी भाषेचा जो धडा मला मिळाला, तो कोणत्याही वर्गात मिळाला नसता.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर गोष्ट सांगते. वल्हे चुकीच्या कोनात पाण्यात शिरले की पाणी ते पकडून ठेवते आणि दांडा उसळून थेट पोटात बसतो. याला जपानी रोइंगवाले ‘हाराकिरी’ म्हणतात. मी नौकेत बसले त्या पहिल्याच दिवशी सुकाणूवरून हा शब्द माझ्या दिशेने आला आणि मराठी वाचनातून त्याचा जो अर्थ मला ठाऊक होता, त्यामुळे मी इतकी दचकले की दुसऱ्या मिनिटाला पुन्हा तेच केले.

आपला दुसरा मुद्दा, ज्यापाशी मी अडखळले असे वर म्हटले, तो बरोबर आहे. जपानमध्ये शाळेत मारहाणीला 1947 च्या शालेय शिक्षण कायद्यानेच बंदी आहे, तरी 2012 च्या डिसेंबरात ओसाकातील एका शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर जीव दिला आणि देशभर वादळ उठले. 2018 च्या मार्चमध्ये, म्हणजे मी तिथे पोचले त्याच महिन्यात, सरकारच्या क्रीडा विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या: आठवड्यात किमान 2 दिवस सुट्टी, शाळेच्या दिवशी सराव सुमारे 2 तास, सुट्टीच्या दिवशी सुमारे 3 तास. आमच्या क्लबात कोणी कोणावर हात उचलला नाही, आणि त्या आधारावर मी हा विषयच टाळला. पण छळाला हात लागतोच असे नाही. पहिल्या वर्षाची एक मुलगी जूनमध्ये दोनदा उशिरा आली, तेव्हा काही मोठ्या मुलींनी तिच्याशी तीन दिवस बोलणे बंद ठेवले. तिने ‘सुप्रभात’ म्हटले की समोरची मुलगी वल्ही मोजत राहायची. चौथ्या दिवशी ती आली नाही, आणि नंतर कधीच आली नाही. मी ते पाहत होते. माझी जपानी अपुरी आहे, अशी मी स्वतःची समजूत काढली. एप्रिलमध्ये ती खरी ठरली असती, जूनपर्यंत ती सबब झाली होती. दुसरी गोष्टही सांगून टाकते: मी पाहुणी होते. भाषेच्या शिकवणीसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी मला सूट होती आणि मला उशीर झाला तर त्याला ‘परदेशी आहे’ हे कारण आपोआप मिळत असे. मला शिस्त गोड वाटली, त्यात तिची पूर्ण किंमत मला कधी मोजावी लागली नाही, याचा वाटा होता. मूळ लेखात ही मुलगी नाही. तिला घेतले असते तर आठवणीची चव बिघडली असती, म्हणून मी तिला वगळले. हे मी आपल्या प्रतिक्रियेनंतर स्वतःशी कबूल केले. लेखात आता तिच्याविषयी एक परिच्छेद घातला आहे.

रोइंग हा श्रीमंतांचा शौक, मराठी मुलांना त्याचे काय, असे आपण जाता जाता म्हटले आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदणाऱ्या बापाचा मुलगा. सैन्यात गेल्यावर तो पुण्यात वल्हवायला शिकला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला. यावर अधिक लिहिण्याची गरज नसावी.

राहिली शर्यत. एका वर्षासाठी आलेली, तिथून पदवी घेऊन बाहेर न पडणारी विद्यार्थिनी शालेय संघटनेच्या अधिकृत स्पर्धेत उतरू शकत नाही, असे क्लबच्या शिक्षकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि तरीही यायचे आहे का, असे विचारले होते. त्यामुळे फसगत झाली असे म्हणायला जागा नाही. वर्षभर मी सरावाच्या नौकेत बसले, आणि स्पर्धेच्या दिवशी मदतनीस म्हणून सुरुवातीच्या रेषेवरच्या तराफ्यावर गेले. शालेय शर्यत 1000 मीटरची असते आणि सगळ्या नौकांची टोके सुटण्याआधी एका ओळीत यावी लागतात. त्यासाठी प्रत्येक तराफ्यावर एक मुलगी पालथी पडून नौकेचे मागचे टोक दोन्ही हातांत धरून ठेवते. काठावरचे पंच ध्वनिक्षेपकातून सांगतात, ‘तीन नंबर, थोडे पुढे’, ‘तीन नंबर, जरा मागे’, आणि तीन नंबरच्या तराफ्यावर पडलेल्या मुलीने कोपर सरळ करायचे किंवा दुमडायचे. चुकीचा आकडा ऐकला तर सगळी रांग बिघडते. नोव्हेंबरमधल्या नवोदितांच्या स्पर्धेत तीन नंबरच्या तराफ्यावर मी होते. ज्या नौकांची टोके मी धरली त्यांत एकदा आमचीही होती, आणि माझ्या जागेवर, दुसऱ्या जागेवर, दुसरी मुलगी बसलेली होती. ‘आतेन्शोन’, म्हणजे ‘सावधान’, ऐकल्यावर हात ढिले करायचे, ‘गो’ ऐकल्यावर सोडायचे. ढकलायचे नाही, ते नियमाविरुद्ध आहे. नौका बोटांतून सुटते तेव्हा तिच्यामागून थंड पाण्याचा एक लोट थेट बाह्यांत शिरतो. तोवर पुढच्या शर्यतीच्या नौका आमच्याकडे वळलेल्या असायच्या, त्यामुळे आमच्या मुली कितव्या आल्या ते मला दुपारी तेइकोत परतल्यावर कळले.